आमच्या बैलाच्या बाऱ्यांची दुसरी कॉपी

आमच्या घरात संगणक खिडकीला लागून ठेवलेला आहे. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा त्यांना वाटलं, उजेड येतो म्हणून मी तिथे अभ्यासाला बसत असेन. मीही हो म्हणून टाकलं. खरं कारण सांगायला संकोच वाटला. ती खिडकी गोठ्याकडे उघडते आणि संगणकाचा आवाज बैलाला नीट ऐकू जावा म्हणून तो तिथे आहे.

हसू आलं असेल तर हसा. आमची आई रोज हसते.

बैल अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील. तसे ते टोमॅटो करतात, थोडी द्राक्षं करतात, आणि फार कमी बोलतात. पण शर्यतीच्या बैलाचा विषय निघाला की त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही. ज्यांना आमच्याकडची शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, दोन गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. चढाच्या धावपट्टीवर एकेक गाडा सुटतो, घड्याळ लावतात आणि ज्याला कमी वेळ लागला तो पुढे. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. मुलीबाळी घाटात फारशा जात नाहीत, त्यामुळे आमच्या बैलाची एकही बारी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मी पाहिलं ते सगळं अप्पांच्या मोबाइलमध्ये.

आता तो बैल पळत नाही. वय झालं. गोठ्यात उजव्या हाताच्या दावणीला असतो, रवंथ करतो, आणि कोंबडी पायाजवळून गेली तरी मान वळवत नाही. त्याला विकायला बेल्ह्याच्या बैलबाजारात नेऊन उभा करायचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. आईसुद्धा, जी मला कॉलेजला पाठवायचं की नाही यावर चार दिशांनी बोलली होती, बैलाच्या बाबतीत एकच बोलली. तिने त्याच्या अंगाखाली घालायला जुनी पोती काढून दिली.

संगणक आला तो माझ्या कॉलेजमुळे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि विषय घेतला तो संगणकाचा, त्यामुळे संगणक घरी पाहिजे हे सगळ्यांनी मान्य केलं, जसं वरातीला घोडा पाहिजे हे मान्य करतात. नारायणगावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून जुना संगणक आणला. दुकानदाराने त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी बसवून दिली आणि म्हणाला, आता बघा कसा पळतोय. पळतोय हा शब्द ऐकून अप्पांनी लगेच मान डोलावली. घरी आणून बटण दाबलं तर अप्पा खुर्ची ओढून बसेपर्यंत संगणक सुरूही झालेला. अप्पांचा त्याच्यावर जीव बसला तो तेव्हापासून. जो झेंडा पडल्या पडल्या सुटतो तो खरा, असं त्यांचं साधं मत आहे.

त्यांच्या मोबाइलमध्ये बाऱ्यांच्या व्हिडिओंनी इतकी गर्दी झाली होती की फोन आला तरी उचलायला वेळ लागायचा. मी सगळ्या बाऱ्या संगणकात घेतल्या, नावं दिली, ओळीने लावल्या आणि मोबाइल रिकामा करून दिला. अप्पांना मोबाइल हलका लागायला लागला. त्यांनी तो हातावर तोलूनही बघितला.

बैलाचं ऐकणं सुरू झालं ते योगायोगाने. एका संध्याकाळी अप्पा वैरण टाकून आत आले आणि मला म्हणाले, ती शेवटची बारी लाव. मी लावली. निवेदकाचा आवाज जोरात लागला, गर्दीचा ओरडा, मग गाडा पुकारतानाचं ते लांबलचक ‘झाली’ आणि त्यामागे जिभेवर फिरवलेला ‘भिर्रर्र’. खिडकी उघडी होती. गोठ्यात बैल उठून उभा राहिलेला. कान पुढे, मान वर, पुढचा एक पाय जमिनीवर घासतोय. बारी संपली, तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग वैरणीत तोंड घालून असा खायला लागला की आई दारात येऊन बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी संगणक खिडकीजवळ गेला. मला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमच्याकडे एक बारी व्हायची. आई म्हणायची की तिच्या लग्नाची कॅसेट एकदासुद्धा लावायची कुणाला आठवण झाली नाही, आणि बैलाला मात्र रोज त्याचा कार्यक्रम. अप्पा म्हणायचे, तू कॅसेट लावल्यावर वैरण खाणार आहेस का. यावर आई जे बोलायची ते लिहिण्यासारखं नाही.

मी थोडी शंकेखोर आहे, आणि कॉलेजने ती सवय वाढवली. मी अप्पांना बिचकत म्हटलं की कदाचित बैल बारी ओळखत नसेल, नुसत्या गोंगाटाने उठत असेल. मग आम्ही एकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी बैलाची बारी लावून पाहिली. आमच्या बैलाने एक कान हलवला, तोही माशीसाठी. अप्पांनी माझ्याकडे बघून फक्त टोपी नीट केली. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये असं आम्हाला शिकवतात, ते मी मनातच ठेवलं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला माहिती साठवण्याचा एक धडा होता. सरांनी सांगितलं, महत्त्वाची गोष्ट कधी एकाच ठिकाणी ठेवायची नाही. मला ते इतकं पटलं की त्याच दिवशी घरी येऊन मी कामाला लागले. आमच्या संगणकात सी आणि डी असे दोन भाग होते. सीमध्ये बाऱ्या होत्याच. मी सगळ्या बाऱ्या डीमध्येही टाकल्या. त्या फोल्डरला बॅकअप असं नाव दिलं. मग अप्पांना समजावून सांगितलं की आता आपल्या बैलाच्या बाऱ्या दोन ठिकाणी आहेत. एक गोठा पडला तरी दुसऱ्या गोठ्यात बैल सुरक्षित.

अप्पांना उदाहरण आवडलं. ते चौकात दोघा-तिघांना सांगून आले की आमच्याकडे बाऱ्या दोन गोठ्यांत ठेवल्यात.

इंटरनेटवर एक कॉपी चढवावी असंही माझ्या मनात होतं. पण आमचं गाव खोडदजवळ आहे, घराच्या गच्चीवरून तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात, आणि रेंज कायम रुसलेली. लोक त्याचं खापर तबकड्यांवर फोडतात, खरं काय ते मला माहीत नाही. एक बारी चढवायला लावली की अर्ध्यावर तुटायची. अप्पा म्हणाले, चढाला दम सोडती, राहू दे. मी राहू दिलं. दोन गोठे होते ना.

मग तो दिवस. काही वेगळा नव्हता. मी कॉलेजहून आले, बटण दाबलं, पंखा फिरला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की डिस्क सापडत नाही. बंद केला, चालू केला. तीच ओळ. केबल काढून परत लावली. तीच ओळ. आदल्या संध्याकाळी बारी दाखवून झोपलेला संगणक, ना खोकला ना ताप.

अप्पा गोठ्यातून आले आणि म्हणाले, एक चापट मार. आमच्या टीव्हीला आणि पाण्याच्या मोटरीला त्यांनी वर्षानुवर्षं असंच चालवलं आहे. मी सांगितलं की या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी बऱ्याचदा टकटक आवाज करते, रखडते, म्हणजे माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. ही एसएसडी नुसत्या चिपांची. जाते तेव्हा आवाज न करता जाते. अप्पांना ते फार अपमानास्पद वाटलं. जनावरसुद्धा आधी चारा सोडतं, मान टाकतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांना आठवलं.

“आपल्याला काय. दुसऱ्या गोठ्यात हायत की.”

“हो,” मी म्हटलं, “डीमध्ये आहेत. डी म्हणजे…”

आणि बोलता बोलता मला ऐकू आलं की मी काय बोलतेय. सी आणि डी ही दोन नावं होती. डिस्क एकच होती. मी एकाच गोठ्यात मधे कूड घातला होता, आणि छप्पर दोन्हीकडचं एकच होतं.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांना कुडाचं सांगितलं. त्यांना ते माझ्याआधी समजल्यासारखं झालं, कारण गोठ्याचं त्यांना माझ्यापेक्षा कळतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “बरं. बघू,” आणि बाहेर जाऊन बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क पिशवीत घालून शेअर जीपने नारायणगावला गेले. दुकानदाराने ती त्याच्या संगणकाला लावली, काढली, दुसऱ्याला लावली. त्याच्या संगणकालाही ती दिसेना. त्याने मला विचारलं, घरी लाईट कशी असते. मी सांगितलं, येते-जाते. संगणक बंद कसा करता. मी सांगितलं की मी नीट करते, पण अप्पा मोटर बंद करतात तसा भिंतीवरचं बटण दाबून करतात. तो म्हणाला, त्यानेच गेली असं नाही म्हणणार, पण तिला ते आवडलंही नसणार. पुण्याला पाठवून बघता येईल, परत मिळायची खात्री नाही. एसएसडी आतून गेली की फार थोडं हाती लागतं. मग त्याने जे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असेल ते विचारलं, की कॉपी असेलच ना.

मी डीचं सांगितलं नाही. नवीन एसएसडी बसवून घेतली आणि जुनी पुण्याला पाठवली. ती काही दिवसांनी जशीच्या तशी परत आली.

आता इथपर्यंत हे एका विद्यार्थिनीच्या चुकीचं प्रकरण होतं, आणि मी ते पोटात घालून परीक्षा देऊन मोकळी झाले असते. पण बैलाने खाणं कमी केलं.

पहिले एक-दोन दिवस अप्पा उरलेली वैरण नुसती गोळा करत राहिले. मग म्हणाले, आज निम्मीच खाल्ली. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, पोटाला कान लावला, आणि सांगितलं की वय आहे, दात झिजलेत, वैरण बारीक कापून द्या, पेंड भिजवून द्या, आजार असा काही नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टर गाडीवर बसताना हळूच विचारलं, तो बारी ऐकायचा, ती बंद झाली, त्याचं काही असेल का. डॉक्टरांनी किक मारली होती. त्यांनी बहुतेक ऐकलं नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

मला मात्र ते विचारणं फार लागलं. बैल जाणार, कधीतरी, हे अप्पांना माहीत होतं. पण तो असाच, कान पाडून, त्याची बारी न ऐकता जाईल ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. आणि ती बारी परत मिळवणं माझ्याशिवाय कुणाच्या हातात नव्हतं.

अप्पांनी त्यांच्या परीने उपाय केले. मोबाइलवर दुसऱ्यांच्या बाऱ्या लावून बैलाच्या कानाशी धरल्या. बैलाने मोबाइल चाटला. मग एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते आणि गोठ्यातून निवेदकाचा आवाज आला. मी पळत गेले. व्हिडिओ वगैरे काही नव्हतं. अप्पा, जे ग्रामसभेत हात वर करायलाही लाजतात, ते बैलासमोर उभे राहून, एक हात कानामागे धरून, स्वतःच गाडा पुकारत होते. झालीऽऽ म्हणताना आवाज फाटला. रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून आत डोकावला. बैल अप्पांकडे अशा नजरेने बघत होता की मला अप्पांचीच दया आली. मागून आई आली आणि म्हणाली, “अवो, त्याला भूक न्हाई आन तुमी त्याची झोप बी घालवताय.”

मी शोधायला लागले. अप्पांच्या ज्या ज्या दोस्तांना बाऱ्या पाठवल्या होत्या, त्यांच्या घरी गेले. एकाने फोन बदलला होता. एकाचा विहिरीत पडला होता. एकाने मोठ्या अभिमानाने दाखवलं की तो दर रविवारी सगळं पुसून फोन स्वच्छ ठेवतो. एकाकडे एक बारी सापडली, पण ती इतक्या जणांच्या फोनमधून फिरून आली होती की बैल आहे की ढग ते कळत नव्हतं, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. घाटात शूटिंग करणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ताई, हंगाम संपला की कार्ड रिकामी करतो, पुढच्या हंगामाला लागतात.

नाव सुचवलं ते आईने, भाकरी थापता थापता. ती म्हणाली की ज्याला आपल्या बैलाचं कौतुक त्याच्याकडे शोधून उपयोग नाही, ज्याला आपल्या बैलाची भीती होती त्याच्याकडे शोध.

अप्पांची भाकरी हातातच राहिली. कोण ते तिघांनाही समजलं.

बेल्ह्याकडे एक गाडामालक आहेत. अप्पांचे आणि त्यांचे बैल एकाच तोडीचे, त्यामुळे बोलणंही तेवढंच तोडीस तोड. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत दोघांच्या बाऱ्यांची वेळ इतकी जवळ आली की घड्याळवाल्यांचंच एकमेकांत जुळेना. कमिटीने दोघांना सारखं बक्षीस दिलं आणि एकत्र जेवायला बसवलं. दोघं दोन वेगळ्या पंगतींत बसले. तेव्हापासून बोलणं बंद. आमच्याकडे शर्यतीवाल्यांची एक पद्धत आहे, स्वतःच्या बैलाची बारी एखादवेळी कुणी काढायची राहील, पण समोरच्याची राहत नाही. तो चढाला कुठे कमी पडतो, कुठल्या बाजूला ओढतो, हे घरी नेऊन पुन्हा पुन्हा बघतात. हे काका त्यात सगळ्यांचे गुरू, असं अप्पाच रागाने सांगायचे.

“मी त्याच्या दारात जाणार न्हाई,” अप्पा म्हणाले.

“तुमाला कोण जा म्हणतंय,” आई म्हणाली. “पोरगी जाईल.”

बाजाराच्या दिवशी अप्पांना बेल्ह्याला अचानक काम निघालं. काय काम ते आईने विचारलं नाही. मी मागे बसले, पिशवीत दोन पेन ड्राइव्ह आणि नवीन घेतलेली एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क. बाजारात टेम्पोतून बैल उतरत होते. अप्पांनी एरवी प्रत्येकाचे दात बघितले असते, त्या दिवशी गाडी सरळ पुढे घेतली. काकांच्या घराच्या अलीकडे वळणावर चहाची टपरी आहे, तिथे थांबवली. म्हणाले, तू जा, मी हितं चहा पितो.

काका ओट्यावरच बसले होते. मी कोणाची ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, नाक बापाचं हाय. मग काकूंना हाक मारून चहा सांगितला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. एसएसडी, डी ड्राइव्ह, कूड, सगळं. मधे मधे ते हसत होते. डी ड्राइव्हचं ऐकून तर त्यांनी मांडीवर हात मारला. शिकलेल्या पोरीने दोन गोठ्यांच्या नावाखाली एकच बांधला, हे त्यांनी काकूंना आत जाऊन पुन्हा सांगितलं. मी मान खाली घालून बसले. खरंच होतं ते.

काका परत येऊन बसले तेव्हा हसणं थांबलेलं. त्यांनी विचारलं, “बैल कसा हाय?”

मी म्हटलं, “खात नाही नीट.”

ते उठले, कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क आणली आणि त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपला मला लावायला सांगितली. आत मालकांच्या नावाने फोल्डर होते, गावोगावचे. अप्पांच्या नावाचा फोल्डर सगळ्यात मोठा. आमच्या बैलाच्या बाऱ्या होत्या, आमच्याकडे नव्हत्या त्यासुद्धा, अगदी कोवळा असतानाची पहिली. मी बघतच राहिले. काका मान दुसरीकडे करून म्हणाले की शत्रूचा अभ्यास करावा लागतो. मी विचारलं नाही की जो बैल आता पळत नाही त्याचा अभ्यास अजून कपाटात कशाला.

कॉपी व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा झाला. निघताना ते म्हणाले, “बाप कुठाय?”

मी म्हटलं, टपरीवर.

“दिसला मघाशीच. तिसरा कप चाललाय त्याचा.” मग म्हणाले, “व्हिडिओत माझी बडबड हाय. तुझ्या बापाला सांग, मनावर घेऊ नको.”

घरी आल्यावर अप्पांना लगेच बारी लावायची होती. पण मी यावेळी हट्ट केला. आधी हार्ड डिस्कवरून नवीन एसएसडीत घेतलं. पेन ड्राइव्ह फार भरवशाचा नसतो, तरी एक भरून जुन्नरला राहणाऱ्या मावशीकडे पाठवायला बाजूला ठेवला, म्हणजे आमच्या घरावर वीज पडली तरी एक कॉपी बाहेर. मग एकेक बारी उघडून थोडी थोडी चालवून पाहिली, कारण नुसतं फाइलीचं नाव दिसतंय म्हणजे आत बारी आहे असं नाही. अप्पा दारात येरझाऱ्या घालत होते. आई म्हणाली की एवढी तपासणी तिच्या सोयरिकीच्या वेळी झाली असती तर बरं झालं असतं.

दिवेलागण झाली. खिडकी उघडली. मी शेवटची बारी लावली.

शूटिंग काकांच्याच हातातलं, म्हणून निवेदकाच्या आवाजावर त्यांचा आवाज चढलेला. ते शेजारच्या कुणाला तरी सांगत होते. आमच्या जुंपणीला नावं ठेवली, अप्पांच्या टोपीला नावं ठेवली. अप्पांचे कान लाल झाले. पडद्यावर गाडा सुटला आणि काका म्हणत होते, “आता बघ, चढाला दम सोडणार. बघ आता. सोडणार. सोडणार…” मग नुसता गर्दीचा आवाज. कॅमेरा हलत हलत बैलामागे वळलेला. धूळ. आणि अगदी जवळून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “न्हाई सोडला.” थोड्या वेळाने, “काय जनावर हाय राव.”

अप्पा खिडकीशी उभे होते. गोठ्यात बैल बसलेलाच होता, पण त्याचे दोन्ही कान आमच्याकडे वळले होते. मग तो उठला. म्हातारा माणूस उठतो तसा, आधी मागचा भाग, मग दम घेऊन पुढचा. पाय घासला नाही. वैरणीत तोंड घातलं.

मला इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं की त्या दिवशी आईने वैरण नेहमीपेक्षा बारीक कापली होती आणि पेंड दुपारपासून भिजत घातलेली. मी ते अप्पांना बोलले नाही. अप्पांना ते माहीत नव्हतं असंही नाही.

“परत लाव,” अप्पा म्हणाले. मी परत लावली. ‘न्हाई सोडला’ आलं की त्यांनी हात वर केला, मी थांबवलं. ते तिसऱ्यांदा लाव म्हणाले नाहीत. मोबाइल घेतला आणि रेंजसाठी अंगणाच्या त्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ गेले. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ नंबर लावून कानाशी धरला, काढला, परत धरला. मग बोलायला लागले. सुरुवात टोपीवरून झाली असणार, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग घड्याळावरून भांडण झालं, तेच जुनं, कुठल्या घड्याळवाल्याने आधी दाबलं. आवाज चढला. आई दारात आली. मग आवाज उतरला. मग बराच वेळ नुसतं “हां, हां” चाललं होतं. एकदा ते हसले.

मोबाइलवर हात ठेवून त्यांनी मला हाक मारली. “ए, त्याच्या बैलाच्या बाऱ्या त्याच्याकडं किती ठिकाणी हायत?”

मी विचार केला. कपाट, फडकं, ती डिस्क. लॅपटॉपमध्ये काही दिसलं नव्हतं.

“एकाच,” मी म्हटलं.

अप्पांनी हात काढला. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कमिटीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. “पावणं,” ते फोनमध्ये म्हणाले, “आमची पोरगी म्हणती, तुमचं काय खरं न्हाई.” पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. अप्पा ऐकत राहिले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “रविवारी यायला सांगतोय तुला. दुसरी डिस्क आणतो म्हणतोय, तू भरायची आन ती आपल्याकडं ठेवायची.” आणि मला हो म्हणायला वेळही न देता त्यांनी फोनमध्ये सांगून टाकलं की ती येईल, आणि तिच्याबरोबर मीपण येईन.